गाणी भरून मिळतील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या कुठल्याही बाजारगावात २००८ ते २०१६ या काळात फिरलेल्या माणसाला एक पाटी हमखास आठवेल : ‘रिचार्ज, रिपेअरिंग, गाणी भरून मिळतील’. एसटी स्टँडसमोर नाहीतर आठवडे बाजाराच्या रस्त्यावर एक अरुंद दुकान, काचेखाली चार्जर आणि बॅटऱ्या, कोपऱ्यात एक संगणक. धंदा सातआठ वर्षं जोरात चालला आणि बघता बघता बसला. एवढ्या कमी काळात उगवून मावळलेल्या धंद्याकडे इतिहास म्हणून सहसा कुणी बघत नाही. खान्देशाने मात्र बघायला हवं. इथली अहिराणी गाणी आणि इथले विनोदी पिक्चर गावागावांतल्या मोबाईलमध्ये पोचले ते याच काउंटरवरून, आणि या काउंटरचं कूळ थेट फिनलंडपर्यंत जातं.

फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात १९८८च्या ऑगस्टमध्ये यार्को ओइकारिनेन या तरुणाने इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, ही गप्पांची व्यवस्था उभी केली. तिच्यात ‘चॅनल’ असत आणि चॅनलच्या नावाआधी # हे चिन्ह असे. आज सगळीकडे दिसणाऱ्या हॅशटॅगचं मूळ तिथेच आहे. गप्पा मारताना दोघांना आपसात फाईल देता यावी म्हणून डीसीसी नावाची सोय आली. सर्व्हर मध्ये न घेता एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर थेट फाईल जाई. मग काहींनी आपल्या संगणकाचं एक फोल्डरच चॅनलसाठी उघडं ठेवलं. त्याला फाईल सर्व्हर किंवा ‘एफसर्व्ह’ म्हणत. १९९४च्या सुमारास एक्सडीसीसी आलं आणि माणसाची जागा ‘बॉट’ या स्वयंचलित प्रोग्रामने घेतली. १९९५ साली खालेद मर्दम-बे यांनी विंडोजसाठी केलेला एमआयआरसी हा प्रोग्राम आल्यावर ही विद्या साध्या संगणकवाल्याच्याही आवाक्यात आली.

व्यवहार कसा चाले ते जवळून बघण्यासारखं आहे. चॅनलमध्ये शिरायचं आणि बॉटकडे यादी मागायची. यादीत प्रत्येक फाईलला नंबर असे, शेजारी तिचा आकार आणि ती आजवर किती जणांनी नेली तो आकडा. हवा तो नंबर टिपून बॉटला निरोप टाकायचा : ‘एक्सडीसीसी सेंड #१२’. जागा रिकामी असेल तर फाईल सुरू. नसेल तर उत्तर येई की तुम्ही रांगेत अमुक नंबरवर आहात. मग थांबायचं. काही एफसर्व्हवर आणखी एक अट असे : आधी तुमच्याकडचं काही द्या, मग तेवढ्या प्रमाणात घ्या. लाईन तुटली की पुन्हा जोडून, अर्धी आलेली फाईल तिथूनच पुढे चालू करण्याची सोय होती. यादी, नंबर, रांग आणि देवघेव, एवढ्यावर हा सगळा बाजार उभा होता.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून आणि तेही मोठ्या शहरांत. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला पाचशे रुपयांचं खातं होतं. त्यावर चित्र दिसत नसे, नुसती अक्षरं दिसत. आयआरसीला अक्षरांपलीकडे फार काही लागत नाही, म्हणून ‘इंडिया’ नावाच्या चॅनलांवर भारतीय मुलं भराभर जमली. खान्देशात त्याआधीच एक तार पोचली होती, पण ती सरकारी : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, जिल्हाधिकारी कार्यालयं उपग्रहाने जोडली होती. सामान्य गिऱ्हाईक मात्र ताटकळत राहिलं. जवळ केंद्र नसेल तर दूरच्या शहराचा नंबर लावायचा आणि इंटरनेटच्या पैशांवर एसटीडीचं बिल भरायचं. पुढे बीएसएनएलचा संचारनेट आला, स्थानिक कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली, तरी वेगाचं दुखणं राहिलंच. छप्पन्न केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला पाच केबी मिळाले तर नशीब म्हणायचं. या वेगाने चार एमबीचं गाणं उतरायला तेरा-चौदा मिनिटं लागतात, आणि सातशे एमबीची सीडी उतरायला एकोणचाळीस तास. तेवढा वेळ टेलिफोन अडकवून ठेवणं कुठल्या घराला परवडणार?

म्हणून खान्देशात फाईल तारेतून कमी आणि एसटीतून जास्त आली. इथली मुलं शिकायला पुण्याला, नाशिकला, मुंबईला होती. हॉस्टेलवर संगणक एकमेकांना जोडलेले असत, एकाने उतरवलेलं सगळ्यांना मिळे. दिवाळीच्या सुट्टीत कपड्यांच्या बॅगेत सीडींचा गठ्ठा यायचा. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची, म्हणजे एमकेसीएलची, स्थापना झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले, आणि त्या वर्गांमुळे संगणक चालवणारे, सीडी ‘राईट’ करणारे हात गावातच तयार झाले. पुढे ज्यांनी गाणी भरायची दुकानं टाकली त्यांना लागणारं कसब हेच होतं.

तोवर आयआरसीचा बहर ओसरला होता. डालनेट हे त्यातलं मोठं जाळं २००२-०३ मध्ये सततच्या हल्ल्यांनी जर्जर झालं आणि त्याने फक्त फाईल वाटण्यासाठी चालणाऱ्या चॅनलांना दार बंद केलं. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली काढलेलं बिटटोरंट लोकप्रिय झालं. फाईल वाटणाऱ्यांची वस्ती दुसऱ्या गल्लीत गेली.

दरम्यान भारतात ब्रॉडबँड आलं. २००४च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस हा किमान वेग ठरला आणि २००५च्या जानेवारीत बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. दिवसाच्या वापराला मर्यादा, पण महिना पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ ही वेळ मोफत. या सहा तासांनी गावोगावच्या दुकानदारांची झोप बदलली. २५६चा वेग पूर्ण मिळाला तर त्या सहा तासांत सुमारे सातशे एमबी येतात. म्हणजे रात्रीला एक सीडी. अडचण विजेची होती. ती वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती आणि खान्देशातल्या खेड्यांनी त्याचे चटके चांगलेच सोसले. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला की उतरवणं बंद, वीज आली की अर्ध्यावरून पुढे. रात्री जागून, यंत्राची राखण करून जमवलेला हा माल होता.

माल खपायचा तो मेमरी कार्डावर. मोठ्या आवाजाचे स्वस्त चायना मोबाईल आणि साधे नोकिया हातोहाती गेले होते. फोनमध्ये इंटरनेट नव्हतं किंवा परवडत नव्हतं, पण एक-दोन जीबीचं कार्ड होतं. गिऱ्हाईक फोन पुढे करी. दुकानदार मागचं झाकण काढी, बऱ्याच फोनांत आधी बॅटरीही काढावी लागे, नखाएवढं कार्ड रीडरमध्ये घाली आणि विचारी, काय भरू? पडद्यावर फोल्डरची यादी : हिंदी नवीन, हिंदी जुने, डीजे, भीमगीते, कव्वाली, कानबाई, अहिराणी, कॉमेडी, पिक्चर. जुनं गिऱ्हाईक नुसतं ‘गाणा भरी दे’ म्हणून बाजार करायला जाई. त्याची आवड दुकानदाराला पाठ असे. पिक्चर लहान पडद्यासाठी आधीच बारीक करून ठेवलेले असत. तीन तासांचा सिनेमा दीडदोनशे एमबीत बसवताना चेहरे पुसट होत, त्याची तक्रार कुणी करत नसे. बाजाराच्या दिवशी काउंटरवर फोनांची रांग लागे, कुणाचा कोणता ते लक्षात राहावं म्हणून खाली चिठ्ठ्या. दहावीस रुपयांत महिनाभराची करमणूक खिशात जाई.

आयआरसीच्या चॅनलमध्ये जे बॉट करत होता ते इथे दुकानदार करत होता. यादी तीच, रांग तीच. देवघेवीची अटसुद्धा तीच, कारण एखाद्याच्या कार्डावर दुकानात नसलेलं अहिराणी गाणं दिसलं की दुकानदार ते आधी आपल्याकडे उतरवून घेई. सुरतेहून आलेल्या माणसाचं कार्ड म्हणूनच मोलाचं ठरे. उधना, लिंबायत भागात कामासाठी गेलेली खान्देशी कुटुंबं हजारोंनी आहेत. गाणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे भुसावळ-सुरत रेल्वेने ये-जा करत. या जाळ्याला टॉवर लागत नव्हता.

अहिराणीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. २०११च्या जनगणनेत खान्देशी या नोंदीखाली साडेअठरा लाखांवर लोकांनी आपली भाषा लिहिली, आणि आपली भाषा मराठी लिहिणारे अहिराणी बोलणारे वेगळे. एवढ्या लोकांची बोली, पण तिला ना स्वतःचं दूरदर्शन होतं ना मोठी कॅसेट कंपनी. कानबाई या खान्देशी देवीची, लग्नातल्या हळदीची गाणी स्थानिक कलाकार आपल्या खर्चाने रेकॉर्ड करत आणि त्यांच्या सीडी मोजक्या निघत. त्यांचं पुढचं वितरण फुकट आणि विनापरवाना झालं, पण ते झालं.

शेजारच्या मालेगावचं उदाहरण तर जगाला माहीत आहे. नासिर शेख हे तिथे व्हिडिओ पार्लर चालवत. २००० सालच्या सुमारास त्यांनी गावातल्याच लोकांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला आणि तो धो धो चालला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने २००८ साली ही धडपड बाहेर नेली आणि रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने २०२५ साली ती थिएटरात आणली. या गावातून खान्देशी विनोदी पिक्चरांची एक परंपरा निघाली. ‘छोटू दादा’ म्हणून आज कोट्यवधी लोक ज्यांना ओळखतात त्या शफीक नाट्या यांचे सुरुवातीचे पिक्चर सीडीवर आणि मग मेमरी कार्डांवर फिरले. यूट्यूबवर पोचायच्या आधी त्यांचा प्रेक्षक घडला होता तो अशा काउंटरांवर.

हे कायद्यात बसत नव्हतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. संगीत कंपन्यांच्या संघटनेने अशा दुकानांसाठी परवान्याची योजनाही आणली होती. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांनी हे नुकसान पचवलं. मार बसला तो स्थानिक गायकाला आणि ढोलकी-बेंजोवाल्याला. उसनवारी करून काढलेली सीडी आठवड्यात कार्डावर गेली की विक्री थांबे. त्यांच्या हाती लागलं ते एवढंच : नाव झालं आणि लग्नसराईच्या सुपाऱ्या वाढल्या. हा सौदा त्यांना कुणी विचारून केलेला नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. फुकट डेटा आला तेव्हा दहा रुपये देऊन गाणं भरून घ्यायची गरज उरली नाही. दुकानांनी ‘गाणी भरून मिळतील’ खोडून टेम्पर्ड ग्लास लिहिलं. कलाकाराच्या बाजूने बघितलं तर हा बदल चांगलाच झाला. ‘हाई झुमका वाली पोर’सारखं गाणं आज त्याच्या कर्त्यांच्या नावाने चालतं, मोजलं जातं आणि त्याचे पैसेही मिळतात. पुणे-मुंबईच्या लग्नांत अहिराणी गाण्यांवर नाचणारे लोक दिसतात, ही पंधरा वर्षांपूर्वी कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

तोटा दुसरीकडे झाला. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत या बोलीत जे रेकॉर्ड झालं, त्यातलं बरंचसं यूट्यूबवर कधी चढलंच नाही. ते दुकानांच्या हार्ड डिस्कांत होतं. हार्ड डिस्क बंद पडल्या, भंगारात गेल्या, सीडींना बुरशी आली. फायलींना गायकाचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. असे तो नुसता नंबर आणि फार तर गाण्याच्या मधे डीजेच्या नावाचा पुकारा.

आणि हे घडलं ते खान्देशात, जिथे नकला जपण्याची मोठी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मिळवली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत, खुद्द रामदासांच्या हातची म्हणून मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रतही तिथेच आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले आणि त्यांची दप्तरं सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने वहीत उतरवून घेतल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. जेवढ्या ओव्या वहीत उतरल्या तेवढ्याच राहिल्या.

ज्यांनी त्या काळात दुकान चालवलं, सीडी काढली किंवा कार्डावर अहिराणी गाणी सांभाळली, त्यांनी ती जुनी हार्ड डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लावून बघावी. कानबाईची गाणी, लग्नाची गाणी, स्थानिक पिक्चर, जे मिळेल ते बाजूला काढावं. गायक कोण, गाव कोणतं, साल कुठलं, आठवेल तेवढं एका कागदावर लिहावं आणि कलाकार हयात असेल तर त्याला विचारून एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे द्यावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिरवणाऱ्या जळगावच्या विद्यापीठानेही हा संग्रह हाती घ्यावा. ज्यांनी ही गाणी गायली आणि ज्यांनी ती भरून दिली, ते बहुतेक लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना विचारायची वेळ आत्ताच आहे.