पाझरणारी टाकी

अटलांटिक महासागरातून उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिक महासागरात उतरण्याचा जलमार्ग शोधण्यासाठी युरोपातील दर्यावर्दी सुमारे चारशे वर्षे धडपडत होते. १८४५ साली इंग्रजांनी सर जॉन फ्रँकलिन याला 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन भक्कम जहाजे दिली. दोन्हींत आगगाडीच्या जातीची वाफेची एंजिने बसविलेली होती. परंतु १२९ माणसे त्या बर्फात कायमची नाहीशी झाली. जहाजांचे सांगाडेदेखील समुद्रतळाशी सापडले ते २०१४ आणि २०१६ साली!

जे आरमाराला साधले नाही ते एका म्हाताऱ्या मासेमारी गलबताने साधले. त्याचे नाव 'योआ'. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन याने ते १९०१ साली विकत घेतले. ते बांधले गेले १८७२ साली, म्हणजे मालक आणि गलबत जन्माने एकाच सालचे. लांबी जेमतेम सत्तर फूट. या शिडाच्या गलबतात अमुंडसेनने १३ अश्वशक्तीचे, रॉकेलवर चालणारे लहानसे एंजिन बसविले, आणि १६ जून १९०३ च्या रात्री सहा सोबत्यांसह ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, सोडले.

एवढ्याशा एंजिनाचे काय ते कौतुक, असे कोणी म्हणेल. पण त्या सामुद्रधुन्यांत चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे होकायंत्राची सुई दिशा दाखवीनाशी होते. वर धुके, खाली खडक, आणि पाण्याची वाट अरुंद. अशा जागी वाऱ्याच्या लहरीवर विसंबून चालत नाही. बेताबेताने पुढे सरकावे, पाण्याची खोली मापावी, वेळ पडली तर मागे यावे, हे एंजिनामुळेच शक्य होते. म्हणून 'योआ'वर एंजिनाचा कारभार पाहणाऱ्या पेडर रिस्तवेट आणि गुस्ताव वीक यांना मोठा मान होता.

ऑगस्ट १९०३ च्या अखेरची गोष्ट. एंजिनाच्या खोलीतील रॉकेलची एक भरलेली टाकी पाझरत असल्याचे रिस्तवेटच्या ध्यानात आले. आपल्या घरांतील जुन्या स्टोव्हची टाकी अशी पाझरू लागली, की "उद्या झाळून आणू" असे म्हणून आपण खाली बशी ठेवतो. रिस्तवेटने बशी ठेवली नाही. त्याने अमुंडसेनला वर्दी दिली. त्या टाकीतील रॉकेल ताबडतोब दुसऱ्या रिकाम्या टाकीत काढून घ्यावे असा हुकूम झाला, आणि तो तसाच पाळलाही गेला.

त्याच रात्री एंजिनाच्या खोलीत आग लागली. एंजिन पुसण्याचे, रॉकेलने भिजलेले बोळे टाक्यांवर पडले होते, त्यांनी पेट घेतला. गलबतावर सुमारे २,२०० गॅलन रॉकेल होते! सातही माणसे जीव तोडून पाणी ओतू लागली आणि अखेरीस आग विझली. मग पाहतात तो काय, त्या धुमश्चक्रीत एका टाकीची तोटी मुरगळून निघून आली होती. ती टाकी तीच, सकाळी रिकामी केलेली. ती भरलेली असती तर शंभराहून अधिक गॅलन रॉकेल जळत्या खोलीत उसळले असते, आणि फ्रँकलिनच्या यादीत आणखी सात नावांची भर पडली असती.

संकटे तेथेच संपली नाहीत. त्याच सुमारास 'योआ' खडकावर चढली. डेकवरची जड खोकी समुद्रात फेकावी लागली, तेव्हा कोठे ती सुटली. पुढे 'योआ'चेच नाव मिळालेल्या एका बंदरात दोन हिवाळे काढून अमुंडसेनने चुंबकीय ध्रुवाची निरीक्षणे केली. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉसने निश्चित केलेल्या जागेवरून तो ध्रुव सरकला आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. १३ ऑगस्ट १९०५ ला गलबत पुन्हा निघाले, आणि तेराच दिवसांनी पश्चिमेकडून आलेले व्हेलमाशांच्या शिकारीचे एक अमेरिकन जहाज दिसले. चारशे वर्षांचे कोडे सुटले होते!

या विजयाला दुःखाची किनार आहेच. तिसऱ्या हिवाळ्यात, मार्च १९०६ मध्ये, तरुण वीक आजारी पडून वारला. त्याच्यावाचूनच 'योआ' ऑगस्टअखेर अलास्कातील नोम बंदरात पोहोचली. आज ते गलबत ऑस्लोच्या संग्रहालयात विसावले आहे.

अमुंडसेनने पुढे दक्षिण ध्रुवही गाठला, आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले ते योग्यच झाले. पण त्या कीर्तीची वाट एका पाझरणाऱ्या टाकीवरून गेली होती, हे विसरू नये. यंत्र बिघडण्यापूर्वी बहुधा काहीतरी सांगत असते: एखादा थेंब, एखादा वास, एखादा निराळा आवाज. ते ऐकणारा कान हवा, आणि ऐकल्यावर आजचे काम उद्यावर न टाकणारा हात हवा. 'योआ'वर त्या दिवशी हे दोन्ही होते.