हजेरीचा नंबर आणि मोस्ले

अणुक्रमांक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या, आणि अणू उदासीन असेल तर इलेक्ट्रॉनही तितकेच. हे वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलं. त्यामागचा माणूस मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यं मांडली ती अणुभारानुसार. पण टेल्युरियमचा भार १२७.६ आणि आयोडिनचा १२६.९ असूनही, गुणधर्म पाहता आयोडिनला नंतरच बसवावं लागे. कोबाल्ट-निकेलचंही तेच. अणुक्रमांक तेव्हा हजेरीपटावरच्या नंबरासारखा, नुसती जागा सांगणारा.

१९१३ साली मँचेस्टरला हेन्री मोस्ले या २५ वर्षांच्या तरुणाने निरनिराळ्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारितेचं वर्गमूळ दर घरामागे सारख्याच पायरीने चढत होतं. म्हणजे केंद्रकावरचा धनभारच एकेकाने वाढत होता! कोबाल्ट २७, निकेल २८, वाद मिटला. ४३, ६१ आणि ७५ ही घरं रिकामी आहेत हेही कळलं. ती पुढे भरली.

केंद्रकात २७ धनभार, तर बाहेर २७ ऋणभार हवेतच, नाहीतर अणू उदासीन कसा राहणार? एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला तर आयन होतो, पण कोबाल्ट कोबाल्टच राहतो. ओळख प्रोटॉनची.

'प्रोटॉन' हे नाव रदरफर्डने १९२० साली रूढ केलं. ते ऐकायला मोस्ले नव्हता. स्वतःहून सैन्यात गेलेला हा मुलगा १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीत मारला गेला. वय वर्षं २७. युद्धाला कुणाचा नंबर कळतो?