बाप्तिस्मा आणि हृदयपालट

धर्मांतर झालें म्हणजे मन पालटलें, असें आपण सहज धरून चालतों. पंडिता रमाबाईंचें चरित्र या समजुतीस छेद देतें.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुराणें मुखोद्गत असलेल्या या विदुषी नवा धर्मही बुद्धीनेंच पारखीत होत्या. तेथील भगिनी जेराल्डिन यांच्याशीं सिद्धांतांवरून त्यांनीं पत्रांतून निर्भीडपणें वाद घातला. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढलें. उपासनेंत वा सत्कार्यांत उणें कांहींच नव्हतें. तरीही अंतरीं शांति नव्हती.

अशांतच विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें पाळक होता. पण १८५१ सालीं स्वतःच्याच देवळांत प्रवचन करीत असतां त्याचें मन पालटलें! पाळकाचीच ही कथा, तर इतरांची काय? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं रमाबाईंस उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नाहीं. १९०७ सालच्या आपल्या निवेदनांत त्यांनीं हें स्वतःच नमूद केलें आहे.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली त्यांनीं आणल्या व केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. पण सेवा तर आधींही होतीच. मग पालटलें काय? आपल्या पुण्याईनें तारण मिळवावयाचें, हा भार उतरला. बाप्तिस्म्याची नोंद देवळाच्या वहींत होते. हृदयाच्या पालटाचा साक्षी ज्याचा तोच.