खानदेशातील हातकागद आणि समाईक कर्तनयंत्र

हस्तव्यवसायाच्या इतिहासात साधन कसे चालत होते, या प्रश्नाइतकाच ते कोणाच्या हाती होते, हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. कागदकामासाठी लोकांच्या समाईक कार्यशाळेत कर्तनयंत्र ठेवण्याची जी प्रथा अलीकडे रूढ होत आहे, तिचे मूल्यमापन याच कसोटीवर झाले पाहिजे. त्या दृष्टीने खानदेशचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे.

आजच्या जळगाव जिल्ह्यातील एरंडोल व यावल ही गावे देशी जाड्याभरड्या कागदासाठी एकेकाळी प्रसिद्ध होती, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात आढळते. पश्चिम भारतातील हातकागदाची रीत सामान्यतः एकसारखीच होती. जुनी गोणपाटे, दोर व चिंध्या चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटावयाच्या, लगदा बारीक काड्यांच्या जाळीवर उचलावयाचा, ताव वाळवून त्यांस खळ लावावयाची व गुळगुळीत दगडाने ते घोटावयाचे, असा हा क्रम होय. अखेरीस कडा कापल्या जात व कातरण पुन्हा लगद्यात पडे. अर्थात कापणी हे स्वतंत्र काम नसून निर्मितीचेच अंग होते. या जातीच्या कागदाचा टिकाऊपणा धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळातील जुनी दप्तरे चाळणाऱ्यास सहज प्रत्ययास येतो.

हा धंदा कारागिरांच्या कौशल्याअभावी बुडाला, असे म्हणता येत नाही. सर चार्ल्स वुड भारतमंत्री असताना (१८५९–१८६६) सरकारी कचेऱ्यांसाठी विलायती कागद घेण्याचे धोरण आले. पुढे गिरण्यांचा स्वस्त कागद बाजारात पसरला. साधने होती, हात होते. ग्राहक मात्र उरला नाही.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागदास आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन यावलनजीकच्या फैजपूर येथे भरले आणि तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. ज्या परिसरात कागदाचा धंदा मावळला होता, तेथेच ग्रामोद्योगाचा हा पुरस्कार व्हावा, ही घटना अर्थपूर्ण आहे.

समाईक यंत्रशाळेचा महाराष्ट्रातील ठळक दाखला खानदेशाबाहेरचा आहे. डॉ. कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापिला. तेथे २००२ मध्ये ‘फॅब लॅब’ सुरू झाली. अशा शाळांतील संगणकचलित कर्तनयंत्रात बारीक पाते एका दिशेने सरकते व कागद रुळांवरून दुसऱ्या दिशेने फिरतो. दोन्ही गतींच्या मेळाने नक्षी कापली जाते. लेसर यंत्र पात्याऐवजी किरणाने कागद जाळून कापते. म्हणून कडा किंचित करपते. गिरणीच्या एकसारख्या कागदावर पाते सुरळीत चालते. हातकागदाची जाडी मात्र ठिकठिकाणी बदलते, तंतूही लांब असतात. त्यामुळे पात्याचा दाब व खोली प्रथम तुकड्यावर अजमावावी लागते. हे अजमावणे म्हणजेच जुन्या कारागिराच्या हाताचे ज्ञान होय.

महाग यंत्र समाईक झाल्याने भांडवलाची अडचण दूर होते, हे निर्विवाद आहे. परंतु एरंडोल व यावलचा धडा असा की, केवळ साधनाच्या उपलब्धतेने धंदा जगत नाही. जळगाव-धुळ्याकडे अशी कार्यशाळा उभारताना यंत्राइतकाच विचार कागद कोण करणार व वस्तू कोण घेणार याचाही झाला पाहिजे. अन्यथा नक्षी नवी निघेल. धंद्याची गत मात्र जुनीच राहील.