प्रस्तावना : साधनांचा शोध, साधनांची निगा

प्रबंधिका लिहायला घेतलेला विद्यार्थी आधी विषय ठरवतो, मग प्रकरणे पाडतो, आणि संदर्भसूचीला हात घालतो तो प्रत बांधायला देण्याच्या आदल्या रात्री. हा क्रम मोडावा, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे. संदर्भ देणे म्हणजे विद्यापीठाच्या नियमाची पूर्तता, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. मला मात्र संदर्भ हा वाचकाचा हक्क वाटतो. ज्या कागदावरून आपण निष्कर्षाला आलो तो कागद वाचकालाही काढून पाहता यावा, आणि पाहून झाल्यावर त्याला आपले म्हणणे खोडता यावे.

हा हक्क किती उदार मनाने देता येतो, हे पाहायचे तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी. १९१९ साली हे काम सुरू झाले, १९२५पासून वि. सी. सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, आणि ते पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. कोणतेही पान उघडा. वर संपादकांनी स्वीकारलेला श्लोक, आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाट वीण : कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, कोणत्या पोथ्यांत एखादी ओळ जास्तीची आहे, हे सारे संकेताक्षरांनिशी. जो पाठ संपादकांनी नाकारला तोही त्यांनी आपल्यापुढे ठेवला आहे. त्यांचा निर्णय चुकला असे कोणाला वाटले, तर तो फिरवायचे साहित्य त्याच पानावर आहे. तळटीप कशासाठी असते, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यामागेही हीच निष्ठा होती. पानिपतापूर्वीच्या दशकातली अस्सल पत्रे त्यांनी छापली आणि त्यांना जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत बखरींची कसून झडती घेतली. त्या प्रस्तावनेतली पुष्कळ मते आज कोणी मानणार नाही. पत्रे मात्र अजून वापरात आहेत, आणि राजवाड्यांची मते तपासायलाही ती उपयोगी पडतात.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. इंग्रजीतल्या साहित्याचा असा पूर आला असताना मराठीतले साहित्य मात्र शोधयंत्राला फारसे दिसत नाही. जुन्या मासिकातला लेख इंटरनेटवर सापडला नाही, की विद्यार्थी बिनदिक्कत लिहितो : या विषयावर पूर्वी काम झालेले नाही. असे वाक्य लिहिण्यापूर्वी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडलीच पाहिजे. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची ही विषयवार नोंद १९४३ साली छापून आली. १९५०पर्यंतचा दुसरा भाग पुढे निघाला. आपला विषय कोणी आधी हाताळला होता, हे तिच्यातून अर्ध्या तासात कळते.

शोध घेताना नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. महात्मा फुले स्वतःची सही ‘जोतीराव’ करीत. ग्रंथालयांच्या नोंदींत ते जोतिराव, जोतीबा, ज्योतिबा असे विखुरलेले आहेत, आणि रोमन लिपीत गेल्यावर आणखी फाटे फुटतात. एकच रूप टाइप करून थांबलात तर निम्मे साहित्य हातचे जाते. राजवाड्यांच्या बाबतीत उलटा घोळ आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ आणि त्यांचे थोरले बंधू, निरुक्ताचे व्यासंगी वैजनाथ काशिनाथ. मराठीत ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ असा फरक राहतो. रोमन आद्याक्षरांत दोघेही ‘व्ही. के.’ होतात आणि एकाचा ग्रंथ दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. म्हणून टिपण करताना पूर्ण नाव लिहावे. जुन्या मुखपृष्ठावर नुसता शक असेल, तर तो जसाच्या तसा उतरवून मग इसवी सन द्यावा. ७८ मिळवले की काम भागते. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना ७९.

जमवलेल्या नोंदींची निगा राखण्यासाठी झोटेरो हे संगणकीय साधन पुरेसे आहे. ते मोफत आहे, आणि २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या अभ्यासकांनीच ते घडवले. इंग्रजी लेखाची नोंद ते एका क्लिकवर उचलते. मराठी पुस्तकाची बहुधा हाताने भरावी लागते. हा कंटाळा करू नका. आवृत्ती, प्रकाशनस्थळ, पान, आणि प्रत कोणत्या ग्रंथालयात पाहिली ते, पुस्तक समोर असतानाच लिहा. मूळ ग्रंथ पाहिला नसेल तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे स्पष्ट म्हणा. त्यात कमीपणा नाही.

यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुष्कळजण तेवढ्यावरच निश्चिंत होतात. पण साम्य तपासणारे यंत्र फक्त शब्द जुळवते. दुसऱ्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत उतरवला तर त्याला काहीच दिसत नाही. चॅटबॉटकडून संदर्भ घेताना धोका आणखी मोठा. लेखक खरा, नियतकालिक खरे, आणि त्या शीर्षकाचा लेख मात्र कधी छापलेलाच नाही, अशा नोंदी ते सफाईने देतात. जे स्वतः उघडून पाहिले नाही ते सूचीत घेऊ नये, हा नियम मी या पुस्तकात कुठेही सैल केलेला नाही.

प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. प्रबंधिका अर्ध्यावर आलेल्यांनी थेट टिपणांच्या प्रकरणाकडे वळावे. नुकताच विषय निवडलेल्यांनी मात्र आधी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन दाते सूचीचे दोन्ही भाग मागवावेत, आपल्या विषयाची पाने काढावीत, आणि ओळखीची नसलेली नावे वहीत उतरवून घ्यावीत. दुसरे प्रकरण ती वही शेजारी आहे असे धरून लिहिले आहे.