ओव्याचं फूल

बदलापूरकडे ओळखीच्या एका गोठ्यात गाईंच्या खुराकात मिसळायच्या भुकटीचं पाकीट हाती आलं. प्रतिजैविकांना पर्याय म्हणून सुगंधी तेलांतल्या द्रव्यांपासून केलेली भुकटी, घटकांत थायमॉल. घरी परतताना उल्हासनगर कॅम्प २ मध्ये किराण्याच्या दुकानात ओवा मागितला, तर गल्ल्यावरच्या आजींनी आत सिंधीत हाक मारून 'जाण' मागवली. पुडी चोळून पाहिली. पाकिटाचा आणि तिचा वास एकच!

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. गुरांना दिलं जाणारं मोनेन्सिनही त्यात आलं. मग ओवा, लवंग, दालचिनीच्या तेलांचा शोध वाढला. थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं. प्रमाण जास्त झालं, तर कोठीपोटात चारा पचवणारे जंतूही मार खातात.

थायमॉलचं नाव युरोपातल्या थाइम या झुडपावरून पडलं. पण पुण्यात आणि दख्खनच्या बाजारांत 'अजवान का फूल' नावाचे स्फटिक आधीपासून विकले जात. १८५५ मध्ये स्टेनहाउस आणि १८५६ मध्ये हेन्स यांनी ते तपासले, तेव्हा ते थायमॉलच निघाले. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई.

मला मात्र आजींच्या 'जाण'ने धरून ठेवलं. हा शब्द संस्कृत 'यवानी'चा. यवनांकडून आलेली म्हणून यवानी, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. व्याकरणकार कात्यायनाच्या वार्त्तिकात यवानी म्हणजे दोषयुक्त यव, म्हणजे जव, आणि यवनांच्या लिपीसाठी वेगळा शब्द, 'यवनानी'. दोन्ही शब्द ज्याने शेजारी ठेवून वेगळे केले, त्याचं ऐकावं. ओव्याचा दाणा जवापुढे अगदीच चिमुकला, हे खरं. पण त्यावरच्या उभ्या रेघा पाहा. हलक्या प्रतीचा जव हे नाव त्या रेघांवरूनच पडलं असणार.

मग आपला 'ओवा'ही यवानीचाच का? इथे मी ठामपणे 'नाही' म्हणेन. शब्दारंभीच्या 'य'चा मराठीत 'ज' होतो: यव, जव. यवानीचं 'जवाण'सारखं काही व्हायला हवं होतं, जसं सिंधीत 'जाण' झालं. उलट कन्नडमध्ये ओम, तमिळमध्ये ओमम्, तेलुगूत वामु. आणि आपल्याकडे मधल्या 'म'चा 'ंव' होतो: ग्राम, गांव, नाम, नांव. जुन्या लिखाणातला 'ओंवा'वरचा अनुस्वार त्याच 'म'ची खूण आहे. 'ओवा' हा शब्द आपल्याकडे दक्षिणेतूनच आला असणार.

गोठ्यातल्या काकूंना यातलं काहीच नवं वाटलं नाही. बैलाचं पोट फुगलं की त्यांच्या सासूबाई ओवा, हिंग आणि काळं मीठ ताकात कालवून पाजत. "रोज नाही हो द्यायचो, दुखलं तरच," त्या म्हणाल्या आणि पाकिटावरचं रोजचं प्रमाण पुन्हा एकदा वाचू लागल्या.