सरकारी कारखान्यातील एक अवखळ मोटार

सरकारी मालकीचा कारखाना म्हटला की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. माल टिकाऊ पण रूपहीन, निर्णय सावकाश, आणि नवी कल्पना मांडणाऱ्याला आधी पूर्वोदाहरण विचारले जाते. आमचे उभे आयुष्य सरकारी सेवेत गेले असल्याने या चित्रातले खरे किती आणि अतिशयोक्त किती, याचा थोडाफार अंदाज आम्हांस आहे. म्हणूनच फ्रान्समधील रेनो या राष्ट्रीयीकृत कारखान्याने १९८० मध्ये बाजारात आणलेल्या एका मोटारीचा इतिहास आम्हांला फार दिवस खुणावत होता. मोटारींच्या शौकिनांना ‘रेनो ५ टर्बो’ हे नाव ठाऊक असते. पण ती ज्या कचेरीतून, ज्या हिशेबातून आणि ज्या माणसांकडून घडली, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

रेनोचे संस्थापक लुई रेनो यांच्यावर जर्मनांशी सहकार्य केल्याचा आरोप होता. अटकेत असतानाच ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये जनरल द गोल यांच्या सरकारने कारखाना राष्ट्राच्या मालकीचा केला. पुढे अर्धशतकभर, म्हणजे १९९६ पर्यंत, त्यात सरकारचा वाटा निम्म्याहून अधिक राहिला. सामान्य कुटुंबाला परवडेल, दुरुस्तीला सोपी असेल आणि खेड्यातल्या रस्त्यावरही चालेल अशी मोटार देणे हे या काळात रेनोने आपले कर्तव्य मानले, आणि ते बऱ्याच अंशी पार पाडले.

जानेवारी १९७२ मध्ये आलेली ‘रेनो ५’ हे त्या परंपरेतले मोठे यश. तिचे रूप मिशेल बुए या तरुण आरेखकाने फावल्या वेळात रेखाटले होते. दोन दरवाजे, मागे उघडणारी झडप आणि चमचमत्या लोखंडी बंपरांऐवजी प्लास्टिकचे बंपर, असा तो साधा, हसरा आकार होता. बुए मात्र ती रस्त्यावर धावताना पाहू शकले नाहीत. त्याआधी काही महिने कर्करोगाने त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि कमी पेट्रोल पिणारी ही मोटार फ्रान्सच्या घराघरांत पोहोचली. पन्नास लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

अशा काटकसरी, मध्यमवर्गीय गाडीच्या पोटात शर्यतीचे यंत्र बसवण्याची कल्पना कोणाला सुचली? उत्पादन विभागाचे उपाध्यक्ष झाँ तेरामोर्सी यांना, असे इतिहास सांगतो. त्या काळी इटलीच्या लान्चिया कंपनीची ‘स्ट्राटोस’ ही मोटार रॅलीच्या मैदानात सर्वांना मागे टाकत होती. १९७४, ७५ आणि ७६ अशी लागोपाठ तीन वर्षे जागतिक अजिंक्यपद तिच्याकडेच होते. स्ट्राटोसचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे होते. परंतु स्ट्राटोस ही जन्मतःच शर्यतीची गाडी. तेरामोर्सी यांचे म्हणणे असे की, आपली गाडी दिसायला लोकांच्या दारातल्या रेनो ५ सारखीच हवी, म्हणजे ती जिंकली की प्रत्येक रेनो ५ वाल्याला आपणच जिंकलो असे वाटेल. विक्रीच्या दृष्टीने हा विचार किती पक्का होता, हे सांगायला नको. १९७६ मध्येच तेरामोर्सी वारले. मूळ गाडीचा आरेखक आणि या नव्या रूपाचा कल्पक, दोघांनाही आपापले अपत्य रस्त्यावर पाहता आले नाही.

आता थोडे यंत्राविषयी. ते टाळून या गाडीचे वेगळेपण समजणार नाही. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसडर वा पद्मिनीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना अशी मांडणी होती. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यात इंजिनही पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. मूळ रेनो ५ याच दुसऱ्या पद्धतीची. कमी ताकदीच्या गाडीला ही पद्धत सोयीची असते. ताकद वाढली की मात्र अडचण सुरू होते. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि नेमकी तीच चाके जोर लावू पाहत असल्याने जागच्या जागी फिरतात. शिवाय वळायचेही त्यांनीच. एकाच कारकुनाकडे आवक आणि जावक ही दोन्ही टेबले दिली की जे होते, तेच येथे होते.

यावर उपाय म्हणजे सर्वांत जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ आणायची आणि जोर मागच्या चाकांना द्यायचा. आपल्या मारुती व्हॅनमध्येही इंजिन पुढच्या आसनांखाली आणि जोर मागे, म्हणजे तत्त्वतः मांडणी याच कुळातली. पण तिथे हेतू सामानाला जागा करण्याचा होता. रेनोने उलट केले. मागचे आसन काढून टाकले आणि त्या जागी उभ्या बांधणीचे इंजिन बसवले. त्याच्या मागे चाकांचा आस आणि त्याच्याही मागे ‘रेनो ३०’ या मोठ्या गाडीतून घेतलेला पाच गतींचा गिअरबॉक्स. गाडीचे सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आले. बॉनेटखाली सुटे चाक आणि थोडीशी मोकळी जागा उरली. मागची झडप उघडली तर पिशव्या ठेवायची सोय नाही, इंजिनावरचे झाकण दिसते. चार जणांच्या कुटुंबाची गाडी दोघांची झाली.

इंजिन कोणते घ्यावे, याचा निर्णय आम्हांला सर्वांत रोचक वाटतो. नवे इंजिन घडवायला पैसा नव्हता. नॉर्मंडीतील क्लेओं येथल्या कारखान्यात १९६२ पासून एक साधे चार सिलिंडरचे इंजिन तयार होत होते. ठोकळा बिडाचा, आणि व्हॉल्व जुन्या पद्धतीप्रमाणे दांड्यांनी हलवले जाणारे. गावोगावच्या मेकॅनिकला ते तोंडपाठ होते. १३९७ घनसेंटिमीटरचे तेच इंजिन ‘रेनो ५ अल्पीन’ मध्ये ९३ अश्वशक्ती देत होते. त्याला टर्बो जोडला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक पंखा फिरवायचा आणि त्याच्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून पुन्हा इंजिनात घालायची, ही ती युक्ती. वाया जाणारी वाफ कामाला लावणाऱ्या गृहिणीचीच ही दृष्टी. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून वाटेत तिला थंड करणारा इंटरकूलर आला. दाबाने इंधन अवेळी पेटू नये म्हणून संपीडनाचे प्रमाण सातास एक इतके उतरवले, आणि कार्ब्युरेटरच्या जागी बॉशची इंधन फवारणारी यंत्रणा बसवली. परिणामी १६० अश्वशक्ती. गाडीचे वजन ९७० किलो. दरवाजे, छप्पर व मागची झडप ॲल्युमिनियमची. ताशी २०० किलोमीटरचा वेग तिला सहज गाठता येई.

रुंद टायर सामावून घेण्यासाठी मागचा भाग फुगवावा लागला. मूळ गाडी साधारण दीड मीटर रुंद, ही पावणेदोन. मार्क देशां यांनी रेखाटलेल्या त्या फुगीर कुशींत हवा ओढणारी भोके होती. पुढून पाहावे तर शेजाऱ्याची सोज्वळ गाडी आणि मागून पाहावे तर दंड थोपटलेला मल्ल, असे काहीसे विनोदी रूप तिला लाभले. आतली सजावट इटलीच्या बेर्तोने यांची. लाल-निळ्या आसनांची ती भडक रंगसंगती आमच्या अभिरुचीला मानवणारी नव्हे.

एक दोष मात्र जाणकारांनी तेव्हापासून नोंदवला आहे. टर्बोचा पंखा वेग घेईपर्यंत इंजिन सुस्त असते आणि मग ताकद एकदम अंगावर येते. वळणाच्या मध्यावर हे घडले तर मागची बाजू पुढे धावू पाहते, आणि इंजिन मध्यावर असलेली गाडी फिरू लागली की लवकर सावरत नाही. कुशल चालक डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने इंजिन फिरते ठेवत. सामान्य ग्राहकाने हे करावे अशी अपेक्षा बाळगणे अवघडच.

शर्यतीच्या नियमांनुसार त्या वर्गात उतरायला निदान ४०० गाड्या तयार करून विकणे भाग होते. टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून मोजत. १३९७ चे झाले सुमारे १९५६, म्हणजे दोन लिटरच्या वर्गात गाडी नेमकी बसली. नियमावलीचे कलम वाचून यंत्र आखण्याची ही हातोटी पाहिली की कोणत्याही माजी अधिकाऱ्याला कौतुक वाटेल. गाड्या जोडण्याचे काम दिएप या बंदरगावातील अल्पीनच्या छोट्या कारखान्याकडे गेले. तो कारखाना झाँ रेदेले या रेनो-विक्रेत्याच्या मुलाने उभा केला होता आणि १९७३ मध्ये जागतिक रॅलीचे पहिले अजिंक्यपद मिळवले होते. त्याच वर्षी रेनोने तो आपल्या ताब्यात घेतला. गावाला कामाची गरज होती, आणि हातकाम जाणणारे कारागीर तिथे होते. ४०० पुरेशा असताना दोन्ही आवृत्त्या मिळून हजारोंनी गाड्या निघाल्या, तरी आकडा पाच हजारांच्या आतच राहिला. १९८३ ची दुसरी आवृत्ती स्वस्त होती. तिच्यात ॲल्युमिनियम जाऊन साधा पत्रा आला.

जानेवारी १९८१ ची मॉन्टे कार्लो रॅली ही तिची पहिली मोठी परीक्षा. ऑडीने चारही चाकांना जोर देणारी ‘क्वाट्रो’ त्याच रॅलीत आणली होती. हान्नू मिक्कोला याने बर्फात प्रचंड आघाडी घेतली, पण त्याला अपघात झाला. नंतर पोर्शवाला झाँ-लुक तेरिए पुढे होता. प्रेक्षकांनी रस्त्यावर टाकलेल्या बर्फावरून त्याची गाडी घसरली. रेनोचा झाँ रान्योती जिंकला. विजय खरा होता, पण क्वाट्रोने दाखवलेली दिशाही तितकीच खरी होती. दोन चाकांच्या जोरावर निसरड्या रस्त्यात यापुढे निभाव लागणार नव्हता. उरला कोरड्या डांबरी वळणांचा कॉर्सिका. तिथे रान्योतीने १९८२ मध्ये, आणि मग ३५० अश्वशक्तीच्या ‘मॅक्सी’ रूपात १९८५ मध्येही बाजी मारली. त्याच १९८५ च्या रॅलीत लान्चियाचा अत्तिल्यो बेत्तेगा झाडावर आदळून मरण पावला. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालात एक गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक दगावले. मोठ्या कंपन्यांच्या चालकांनी माघार घेतली आणि रेनो ५ टर्बो घेऊन आलेला स्थानिक चालक झ्वाकिम मौतिन्यु विजेता ठरला. त्या विजयाचा आनंद कोणाला झाला असेल, कोण जाणे. मे महिन्यात कॉर्सिकाला हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहकारी सर्जियो क्रेस्तो गाडीसह जळाले, आणि १९८७ पासून तो वर्गच जागतिक स्पर्धेतून बाद झाला.

इकडे कारखान्याची तिजोरी रिकामी होत होती. १९८४ मध्ये रेनोला साडेबारा अब्ज फ्रँकचा तोटा झाला. अध्यक्ष बेर्नार आनों यांना जावे लागले आणि जानेवारी १९८५ मध्ये झॉर्झ बेस आले. त्यांनी हजारो नोकऱ्या कमी केल्या आणि त्या वर्षअखेरीस फॉर्म्युला वन मधील रेनोचा संघ बंद झाला. १७ नोव्हेंबर १९८६ रोजी पॅरिसमध्ये घराजवळच अतिडाव्या अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. एवढ्या तोट्याचा दोष एका छोट्या गाडीवर टाकणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील गुंतवणूक आणि वाढलेला कर्मचारीवर्ग ही कारणे कितीतरी मोठी होती. पण बियांकूरच्या मुख्य कारखान्यात नोकरी गमावणाऱ्या कामगाराने, जनतेच्या पैशातून शर्यती कशाला, असा प्रश्न केला असता तर त्याचे उत्तर सोपे नव्हते. आमचे मत विचाराल तर, जुने इंजिन, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणि अर्धे रिकामे दिएप यांतून एवढे उभे करणाऱ्यांवर उधळपट्टीचा शेरा आम्ही मारला नसता. शेरा मारायचाच तर तो इतर फायलींवर होता.

१९८५ मध्ये तेच १३९७ चे इंजिन टर्बोसह नव्या रेनो ५ मध्ये पुढे बसवून, पुढच्याच चाकांना जोर देऊन, मागचे आसन शाबूत ठेवून रेनोने ‘जीटी टर्बो’ विकली. ११५ अश्वशक्तीची आणि बरीच स्वस्त. लोकांनी ती पसंत केली. मध्यावर इंजिन असलेली छोटी गाडी रेनोने पुन्हा एकदा २००१ मध्ये केली, ‘क्लिओ व्ही ६’ या नावाने. तिची दुसरी आवृत्ती २००३ पासून दिएपलाच जोडली गेली. २०२५ मध्ये रेनोने विजेवर चालणाऱ्या ‘५ टर्बो ३ ई’ ची घोषणा केली. तिच्यात मध्यावर इंजिनच नाही. दोन्ही मागच्या चाकांतच मोटारी बसवलेल्या आहेत. अशा एकंदर १९८० गाड्या करण्याचे ठरले आहे.